गॅलिशियन ‘सोइदादे’चं मूळ कुठलं, आणि अर्थ नेमका काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोर्तुगीज ‘साउदादे’ (जवळ नसलेल्याची ओढ लावणारी आठवण) हा शब्द गोव्यामुळे आपल्या कानावरून गेलेला असतो. पण एका जुन्या गॅलिशियन गाण्यात ‘सोइदादे’ असं रूप दिसलं. ही नक्कल करणाऱ्याची चूक समजायची, की हा वेगळा शब्द आहे? शिवाय हा शब्द अरबी ‘सौदा’वरून, म्हणजे काळ्या पित्तावरून आला असंही वाचलं, ते कितपत खरं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. चूक नाही. ‘सोइदादे’ हेच जुनं रूप, ‘साउदादे’ नंतरचं. मूळ लॅटिन ‘सोलितातेम’, म्हणजे एकटेपण. स्पॅनिश ‘सोलेदाद’ याच मुळाचा. अरबीशी संबंध लावतात तो निव्वळ कानाला सारखं वाटतं म्हणून.

पोर्तुगीज आणि गॅलिशियन मजकूर मराठीत आणण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि या शब्दाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे. ते पुढे येईलच.

गॅलिशिया म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा: पावसाळी, हिरवा, खाड्यांचा मुलूख, राजधानी सांतियागो दे कोंपोस्तेला. दक्षिणेला मिन्यो नदी, आणि नदीपलीकडे पोर्तुगाल. बाराव्या शतकात पोर्तुगाल वेगळं राज्य झालं, पण राज्य वेगळं झालं म्हणून भाषा दुसऱ्या दिवशी वेगळी होत नाही. पुढची दोनेकशे वर्षं नदीच्या दोन्ही काठांवर एकच भाषा होती. तिला नंतरच्या अभ्यासकांनी ‘गॅलिशियन-पोर्तुगीज’ असं जोडनाव दिलं. तेव्हा ज्या राजाचं गाणं मी खाली देणार आहे तो पोर्तुगालचा असला, तरी त्याचा शब्द गॅलिशियन लोक आपला म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

गाणं रचायचं तर याच भाषेत, असा तेव्हा स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पाच्या मोठ्या भागात रिवाज होता. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो (राज्यकाल 1252 ते 1284) कायदे आणि इतिहास कास्तीलियनमध्ये, म्हणजे आज जिला स्पॅनिश म्हणतो तिच्यात, लिहवून घेई, पण मेरीमातेची 420 गाणी त्याच्या दरबारात झाली ती गॅलिशियनमध्ये. आपल्याकडे घरी काहीही बोलत असले तरी पदं रचायला ब्रज हाती घ्यायचे, तसंच काहीसं. याच आल्फोन्सोचा नातू म्हणजे पोर्तुगालचा राजा दिनिस (1279 ते 1325). त्याच्या नावावर 137 गाणी आहेत.

आता हे ‘चूक की काय’ प्रकरण. शंका अगदीच बिनबुडाची नाही. त्या काळातली धर्मेतर गाणी सुमारे 1,680 उरली आहेत, ती मुख्यतः तीन हस्तलिखितांत. त्यांपैकी दोन इटलीत तयार झाली, 1525च्या आसपास, आंजेलो कोलोच्ची नावाच्या विद्वानासाठी. म्हणजे गाणं तेराव्या-चौदाव्या शतकातलं, आणि ते उतरवून काढणारा दोन शतकांनंतरचा इटालियन लेखनिक, ज्याला ही भाषा धड येतही नसावी. अशा माणसाने ‘साउ’चं ‘सोइ’ केलं असेल का?

इथे अक्षरं मोजायची. दिनिसचं एक गाणं बाईच्या तोंडी आहे. त्याची सुरुवात देवनागरीत साधारण अशी होईल:

नोन पोस्सेउ, मेउ अमीगो,
कोन व्होस्सा सोइदादे
व्हिव्हेर, बेन व्होलो दीगो…

या छंदात ओळीतल्या शेवटच्या आघातापर्यंत सहा अक्षरं भरावी लागतात. पहिली ओळ: नोन, पो, स्सेउ, मेउ, अ, मी. सहा झाली, ‘गो’ मोजायचा नाही. तिसरी: व्हि, व्हेर, बेन, व्हो, लो, दी. सहा. मधली ओळ ‘सोइ’ एका दमात म्हटली तर पाचच भरतात: कोन, व्हो, स्सा, सोइ, दा. ‘सो’ आणि ‘इ’ सुटे म्हटले की बरोबर सहा. याच राजाचं ‘के सोइदादे दे मिया सेन्योर एइ’ या ओळीने सुरू होणारं दुसरं गाणं दहा अक्षरांचं आहे, आणि तिथेही ‘सो-इ’ सुटं म्हटल्याशिवाय दहा भरत नाहीत. लेखनिकाच्या हातून स्पेलिंग बिघडेल. पण दोन वेगळ्या गाण्यांत, दोन वेगळ्या मापांत, हिशेब एकाच जागी जुळतो तेव्हा तो लेखनिकाचा प्रताप नसतो. कवीच्या तोंडात तिथे दोन अक्षरं होती.

(त्या दुसऱ्या ओळीतलं ‘सेन्योर’ वाचून फसू नका. ‘मिया सेन्योर’ म्हणजे शब्दशः ‘माझा धनी’, पण बोलणं बाईबद्दल आहे. ‘सेन्योर’चं स्त्रीलिंगी रूप त्या गाण्यांच्या भाषेत अजून रुळलेलं नव्हतं, तेव्हा प्रेयसीलाही ‘सेन्योर’च.)

‘सो’ आणि ‘इ’ सुटे का? कारण त्यांच्या मध्ये कधीकाळी ‘ल’ बसलेला होता.

गॅलिशियन-पोर्तुगीजची ओळखीची खूण सांगायची तर ही: दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला एकटा ‘ल’ गळतो, आणि ‘न’सुद्धा. साधारण दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास हे घडलं. स्पॅनिशमध्ये ही पडझड झाली नाही, म्हणून दोन्ही शेजारी ठेवले की लगेच दिसतं. स्पॅनिश ‘कोलोर’, गॅलिशियन ‘कोर’ (रंग). ‘दोलोर’ आणि ‘दोर’ (वेदना). ‘सालिर’ आणि ‘साइर’ (बाहेर पडणे). ‘व्होलार’ आणि ‘व्होआर’ (उडणे). चंद्राचं ‘लुना’ आणि ‘लूआ’. त्याच चालीने ‘सोलितातेम’मधला ‘ल’ गेला, ‘त’ मऊ होऊन ‘द’ झाले, आणि हाती उरलं ‘सोइदादे’.

मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटायचं काहीच कारण नाही. आपली भाषाही अशाच गळतीतून उभी राहिली आहे. प्राकृत व्याकरणात वररुचीचं सूत्रच आहे: ‘कगचजतदपयवां प्रायो लोपः’. म्हणजे ही व्यंजनं स्वरांच्या मध्ये सापडली की बहुधा गळतात. कुंभकाराचा ‘क’ गेला म्हणून तो कुंभार झाला. नगरातला ‘ग’ गेला म्हणून पारनेर, जामनेर झाली. आणि आपल्या विषयाच्या अगदी शेजारचा शब्द घ्या: सय. ‘माहेरची सय येते’ म्हणतो ती सय. ‘स्मृति’तला ‘त’ गेला, प्राकृतात ‘सइ’ झालं, त्याची ‘सय’ झाली. तिकडे ‘ल’ गाळून ‘सोइदादे’, इकडे ‘त’ गाळून ‘सय’. या दोन गळतींचा एकमेकींशी सुतराम संबंध नसताना.

एक खरा संबंध मात्र आहे, तो जाता जाता सांगतो. लॅटिनच्या सुरुवातीच्या ‘क्ल’चा या भाषेत ‘च’ होतो. ‘क्लावेम’चं स्पॅनिशमध्ये ‘यावे’ झालं, इकडे ‘चावे’. आपली चावी ती हीच, पोर्तुगिजांबरोबर आली. आज लिस्बनमध्ये त्याचा उच्चार ‘शाव्ह’च्या जवळ जातो, पण सोळाव्या शतकात तिथे ‘च’ होता, म्हणून आपण चावी म्हणतो, शावी म्हणत नाही. गॅलिशियात अजूनही ‘च’च आहे: ‘चाबे’. सांतियागोत कोणी खोलीची किल्ली मागितली की या बाबतीत मराठी माणूस लिस्बनकरापेक्षा लवकर समजेल.

आता अर्थाकडे. इथेच मी आपटलो होतो.

वरचं गाणं पहिल्यांदा मराठीत आणताना मी ‘व्होस्सा सोइदादे’ म्हणजे ‘तुझं एकटेपण’ असं सरळ मांडलं. व्युत्पत्ती पाठ होती ना! ओळ झाली: ‘सख्या, तुझ्या एकटेपणासह मला जगता येत नाही.’ वाचायला बरं वाटत होतं, म्हणून आणखीच घात झाला. एका जाणत्या वाचकाने वाचून विचारलं, “एकटा तो आहे का? मग पुढे ती त्याला जवळ राहायला का सांगते?” पुढच्या ओळींत ती म्हणते: म्हणून तू अशा ठिकाणी राहा, जिथे तुला माझ्याशी बोलता येईल, मला पाहता येईल. म्हणजे एकटी ती आहे. मग सोइदादे ‘त्याची’ कशी?

उत्तर मराठीतच होतं, मी लॅटिनमध्ये शोधत बसलो होतो. आपण ‘तुझी आठवण येते’ म्हणतो तेव्हा ती आठवण तुझी असते का? आठवण येते मला, असते माझ्या डोक्यात. तू फक्त तिचा विषय. तरी आपण बेधडक ‘तुझी’ म्हणतो आणि कोणाचा गोंधळ होत नाही. ‘व्होस्सा सोइदादे’ तसंच आहे: तू नसल्यामुळे माझ्या वाट्याला आलेलं एकटेपण. षष्ठीचा हा एक प्रत्यय लागला, आणि ‘एकटं असणं’ या स्थितीचं ‘कोणावाचून तरी एकटं असणं’ झालं. रानात झोपडी बांधून राहणारा जोगी एकटा असतो, पण त्याला सोइदादे असेलच असं नाही. ही सोइदादे कोणाची तरी, कशाची तरी असते. राजाच्या दुसऱ्या गाण्यातही ‘दे मिया सेन्योर’ आहेच, म्हणजे ‘माझ्या धनिणीची’. आणि लगेच पुढच्या ओळीत तो म्हणतो, ती मला कशी दिसली होती ते आठवतं तेव्हा. एकटेपण, माणूस आणि आठवण हे तिन्ही दिनिसच्या काळीच एका शब्दात येऊन बसले होते. शब्दाचा पुढचा सगळा संसार यावरच चालला आहे.

पुरुषाने बाईच्या आवाजात विरह गायचा ही तऱ्हाही आपल्याला नवी नाही. त्यांच्याकडे या प्रकाराला ‘कांतिगा दे अमीगो’ म्हणतात. ‘अमीगो’ म्हणजे इथे मित्र नव्हे, साजण. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या विरहिणी आहेत, आणि त्याआधी हालाच्या सत्तसईतल्या गाथा. फरक एवढाच की विरहिणीचा साजण शेवटी विठ्ठल किंवा कृष्ण निघतो. यांचा बहुतेकदा समुद्रावर किंवा लढाईला गेलेला साधा माणूस असतो, आणि ती व्हिगो या गॅलिशियन बंदराच्या लाटांना त्याची खबर विचारत उभी असते.

‘सोइ’चं ‘साउ’ कसं झालं? मधे ‘सुइदादे’ अशी एक पायरी आहे. ‘ओ’ दबून ‘उ’ होणं हे सरळच. पण ‘सुइ’चं ‘साउ’ होणं नुसत्या ध्वनिनियमात बसत नाही. सर्वांत पटणारा खुलासा असा की शेजारच्या शब्दाने ओढून घेतलं. ‘साउदे’ म्हणजे आरोग्य, ‘साउदार’ म्हणजे कुशल चिंतणे, नमस्कार सांगणे. दूरच्या माणसाला पत्र लिहिताना क्षेमकुशल आणि आठवण एकाच ओळीत येतात. दोन शब्द सारखे एकत्र वावरले की एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. हा खुलासा मांडणाऱ्यांत कारोलिना मिकायेलिस दे व्हास्कोन्सेलोस हे नाव घ्यायलाच हवं. बाई मूळच्या बर्लिनच्या, जन्म 1851. लग्न करून पोर्तुगालात आल्या, 1904 साली या जुन्या गाण्यांच्या एका हस्तलिखिताची संपादित आवृत्ती काढली, पुढे कोइंब्रा विद्यापीठात शिकवू लागल्या. पोर्तुगालातल्या विद्यापीठात प्राध्यापक झालेली पहिली स्त्री त्याच. 1914 साली त्यांनी याच एका शब्दावर आख्खं पुस्तक लिहिलं. आजही कोणी साउदादेवर बोलताना त्यांचा आधार घेत नसेल, तर मी जरा सावधपणे ऐकतो.

अरबीचा दावा इथेच निकालात निघतो. अरबी ‘सौदा’ म्हणजे ‘काळी’, ‘अस्वद’चं स्त्रीलिंग. काळं पित्त वाढलं की माणूस उदास होतो असं जुनं वैद्यक सांगे. उर्दूत वेड्याला ‘सौदाई’ म्हणतात तो त्यातलाच. ऐकायला फार गोड जुळतं. पण शब्द त्यावरून आला असता तर ‘साउ’ हे रूप सर्वांत जुनं असायला हवं होतं आणि ‘सोइ’ नंतरचं. घडलं नेमकं उलटं. आणि शेपटाचं काय करायचं? ‘-दादे’ हा लॅटिन ‘-तातेम’चा वारस आहे, आपल्या ‘-पणा’सारखा: व्हेर्दादे (खरेपणा), बोंदादे (चांगुलपणा). अरबी शब्दाला ते कुठून चिकटलं, याचं उत्तर हा दावा करणारे देत नाहीत. तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते: पित्ताच्या उदासीला कोणी लागत नाही. ती नुसती असते. सोइदादे ‘कोणाची’ हे विचारता येतं.

अरबीने या भाषेला काही दिलं नाही असं मात्र समजू नका. खेड्याला ‘आल्देआ’ म्हणतात ते अरबीच, आणि संत्र्याला ‘लारान्शा’ म्हणतात ते अरबांच्या हातून गेलेलं, आपल्या नारिंगाचं भावंडं. अरबी मूळ सिद्ध करायचं तर असं करावं लागतं, रूप रूपाला जुळवून. नुसत्या कानावर भरवसा ठेवून आपला ‘सौदा’ही, म्हणजे व्यवहार, यात ओढता येईल, मग काय, विरह म्हणजे तोट्याचा सौदा असं म्हणून मोकळे व्हायचं.

‘या शब्दाला जगात प्रतिशब्द नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते पर्यटन खात्याने काढलेलं नाही. पोर्तुगालचा राजा दुआर्ते (राज्यकाल 1433 ते 1438) याने नीतीविषयी एक ग्रंथ लिहिला, त्यात ‘सुइदादे’वर विचार करताना तो म्हणतो की या अर्थाचा शब्द लॅटिनमध्ये किंवा मला ठाऊक असलेल्या कुठल्याही भाषेत नाही. ‘मला ठाऊक असलेल्या’ एवढी सवड त्याने ठेवली होती. पुढच्यांनी ती गाळली. 1606 साली दुआर्ते नुनेस दे लेआंव याने पोर्तुगीजच्या उगमावर लिहिताना व्याख्या केली: एखाद्या गोष्टीची आठवण, तिच्या इच्छेसकट. मला अजून याहून नेटकी व्याख्या सापडलेली नाही. आणि जो शब्द इतक्या कमी शब्दांत सांगता येतो, तो अनुवादाला अशक्य कसा?

शिवाय शेजारीपाजारी पाहिलं तर प्रत्येकाने आपापली वाट काढलेली दिसते. कातालानमध्ये, म्हणजे बार्सेलोनाकडच्या भाषेत, ‘एन्योरार’ आहे, मूळ लॅटिन ‘इग्नोरारे’, म्हणजे ठाऊक नसणे: माणूस कुठे आहे, कसा आहे हे न कळण्यातून आलेली ओढ. स्पॅनिशने तोच उचलून ‘आन्योरार’ केला.

आता गॅलिशिया. सोळाव्या शतकापासून अठराव्यापर्यंत तिथे लिखाण जवळपास थांबलं. कचेरी, चर्च, शहर सगळं स्पॅनिश झालं. गॅलिशियन उरली शेतात आणि होड्यांवर. त्या काळाला ते ‘काळोखी शतकं’ म्हणतात. त्यामुळे ‘साउदादे’ राजमान्य झाला, आरमाराबरोबर निघाला, गोव्यात पोचला, तो पोर्तुगीज म्हणून. घरचा ‘सोइदादे’ गावातच राहिला. एकोणिसाव्या शतकात तो छापील पानावर आला तेव्हा दिवस स्थलांतराचे होते. गॅलिशियातली माणसं लाखांनी हव्हाना आणि ब्वेनोस आइरेसला गेली. इतकी, की अर्जेंटिनात कुठल्याही स्पॅनिश माणसाला ‘गायेगो’, म्हणजे गॅलिशियन, म्हणू लागले. रोसालिया दे कास्त्रो (1837 ते 1885) हिच्या 1880च्या संग्रहात एका भागाचं नावच ‘जिवंतांच्या विधवा आणि मेलेल्यांच्या विधवा’ असं आहे. नवरा जिवंत आहे, पण समुद्रापलीकडे. कोकणात चाकरमान्यांच्या घरी ज्यांचं बालपण गेलं त्यांना या शीर्षकावर टीप लागणार नाही.

याच काळात ‘मोरीन्या’ हा दुसरा शब्द पुढे आला. घराची, गावाची ओढ असा त्याचा आजचा अर्थ, आणि स्पॅनिशनेही तो गॅलिशियनकडूनच घेतला. पण मूळ अर्थ गोठ्यातला आहे: मेंढरांना होणारा रोग. जनावर खात नाही, खंगत जातं. आपण ‘झुरणीला लागलं’ म्हणतो ना, जनावराला आणि माणसालाही, तीच चाल. सोइदादे दरबारातून आली, मोरीन्या गोठ्यातून, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. थोडं ढोबळ आहे, पण लक्षात राहतं.

आजच्या गॅलिशियनमध्ये कामं वाटली गेली आहेत. ‘सोइदादे’ बहुधा साध्या एकटेपणासाठी, ‘साउदादे’ ओढीसाठी, ‘मोरीन्या’ गावच्या ओढीसाठी. त्यामुळे मजकूर कुठल्या शतकातला हे न पाहता अनुवाद करू नये. आजच्या बातमीत म्हाताऱ्या माणसांची ‘सोइदादे’ आली तर तिथे विरह घुसडू नका, ते एकटेपणच आहे. तेराव्या शतकातल्या गाण्यात आली, तर मी केलेली चूक करू नका.

मराठीत कुठला शब्द वापरावा? एकच ठरवता येणार नाही. ‘विरह’ फार पुस्तकी आणि फार शृंगारी. आईची सोइदादे असू शकते, आईचा विरह म्हणताना जीभ अडखळते. ‘हुरहूर’ला विषय लागत नाही, तिथे ती पित्ताच्या जवळ जाते. ‘सय’ सुरेख आहे, पण तिच्यात एकटेपण कमी. ‘ओढ’ पुढे खेचते, सोइदादे मागे पाहते. मला शेवटी सापडलं ते नाम नव्हे, क्रियापद: करमत नाही. त्यात ‘वाचून’ लागतो, म्हणजे विषय आला, रिकामपण आलं, आणि कोणी आजारी आहे असंही म्हणावं लागलं नाही. दिनिसच्या त्या ओळी मी आता अशा लावल्या आहेत:

नाही रे साजणा,
करमत तुझ्यावाचून,
सांगते खरं ते…

सहाचं माप मोडलं आहे, ते मला दिसतंय. ‘वाचून’ ठेवून माप सांभाळता येईल अशी ओळ कोणाला सुचली तर जरूर कळवा.